दिल्लीचा भाचा

आमच्या बापूंनी उभ्या जन्मात एकाच कुत्र्याला ‘अहो’ म्हटलं. गावातली बाकीची कुत्री दारात आली की त्यांच्या तोंडून जे शब्द निघायचे ते मी या वयातही कागदावर उतरवू शकत नाही. पण नवाबपुढं ताटली सरकवताना ते धोतराचा सोगा सावरून वाकायचे आणि म्हणायचे, “घ्या नवाबराव, गरम हाय, दमानं घ्या.” माय चुलीपुढून हे ऐकायची आणि तव्यावरची भाकरी जरा जास्तच जोरात उलटायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला कोणी ‘दमानं घे’ असं म्हटलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती बापूंना रोज सकाळ-संध्याकाळ, दोन्ही जेवणांच्या वेळी न चुकता ऐकवायची.

नवाब हे साहेबांचं कुत्रं. साहेब म्हणजे माझ्या कुसुमआत्याचे यजमान. आत्या बापूंची धाकटी, एकुलती बहीण. तिचं लग्न ठरलं तेव्हा साहेब परभणीच्या कोर्टात काळा कोट घालून झाडाखाली बसणारे वकील होते. पुढं ते कोटातून खादीत आले, खादीतून मुंबईला गेले आणि मुंबईहून दिल्लीला. मंत्री झाल्यावर नात्यानं हाक मारायची सोय राहिली नाही. घरात, गावात, मायच्या तोंडीसुद्धा ते फक्त ‘साहेब’. आमचं गाव गंगाखेडच्या पुढं, गंगेपासून थोडं आत. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. मंत्र्याची सासुरवाडी म्हणून पंचक्रोशीत आमच्या गावाचा दरारा होता आणि सासुरवाडी असूनही गावाला येणारा धड रस्ता नव्हता. साहेबांचं नाव पेपरात यायचं ते बहुतेक वेळा नवाबसोबतच. हिरवळीवर साहेब वेताच्या खुर्चीत, पायाशी पांढराशुभ्र, केसाळ नवाब, आणि खाली मजकूर की कामाच्या रगाड्यातही साहेब नवाबला स्वतःच्या हातानं भरवल्याशिवाय जेवत नाहीत. ते वाचून बापूंचा ऊर भरून यायचा. आत्याचा फोटो मात्र कधी आला नाही. एकदा कोपऱ्यात तिचा पदर आला होता, तो कापून मायनं देव्हाऱ्याच्या फळीला चिकटवला होता.

त्या पावसाळ्यात साहेब कसल्याशा शिष्टमंडळाबरोबर परदेशी निघाले. आत्यालाही जावं लागणार होतं. बंगला बदलायचा होता, नव्या बंगल्यात रंगकाम चालू होतं, आणि नवाबला नोकरांवर सोडायला आत्या तयार नव्हती. म्हणून एके दिवशी परभणीहून पांढरी गाडी चिखल उडवत आमच्या दारात आली. साहेब जिल्ह्यात आले की त्यांची गाडी चालवायचे ते रशीदभाई तीतून उतरले, मागचं दार उघडलं आणि अदबीनं बाजूला उभे राहिले. माय डोक्यावर पदर घेऊन, हातात पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. आतून कुत्रं उतरलं. माय तशीच तांब्या घेऊन उभी. रशीदभाईंनी तो तांब्या तिच्या हातून घेतला, स्वतः घटाघट प्यायले आणि म्हणाले, “भाभी, मेमानाला थोडं सावलीत बसू द्या. परभणीपासून गाडीत उलट्या करायलाय बिचारा.”

त्याच संध्याकाळी पोस्टात आत्याचा फोन आला. मी बापूंसोबत गेले होते. त्या काळी फोनवर ओरडूनच बोलावं लागायचं, त्यामुळं आमचं सगळं खासगी बोलणं पोस्टासमोरच्या हाटेलातल्या गिऱ्हाइकांना फुकटात मिळायचं. पलीकडून आत्या रडत होती. “दादा, माझं लेकरू हाय ते. दुसरं मला काय हाय? तुझ्या पदरात टाकायलेय, त्याला जप.” बापू रिसिव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडले, “कुसुम, काळजी करू नकोस. मी मामा हाय त्याचा!” हाटेलात चहा पिणारे सगळे लोक वळून बघायला लागले.

आत्याला मूलबाळ नव्हतं. हैदराबादचे डॉक्टर झाले, परळीचा वैद्य झाला, नवस झाले, अंगारे झाले. माहेरी आली की बायका तिच्याकडं बघून एकमेकींना कोपरखळी मारत, आणि आत्या ते बघूनही हसत राहायची. मला तेव्हा त्या हसण्याचा राग यायचा, आता वाईट वाटतं. बापूंना ते सगळं ठाऊक होतं. म्हणूनच पोस्टातून परत येताना त्यांच्या डोक्यानं जो सरळ हिशोब केला त्यात मला आजही चूक काढता येत नाही. बहिणीचं लेकरू म्हणजे भाचा. आणि आमच्याकडं भाच्याचा मान काय असतो हे सांगायला नको. शंभर ब्राह्मण जेवू घातले काय आणि एक भाचा जेवू घातला काय, पुण्य सारखंच. भाच्यावर हात उगारायचा नाही, त्याला उष्टं द्यायचं नाही, तो उंबऱ्यातून रुसून गेला तर मामाचं घर सुखी राहत नाही. घरी येताच बापूंनी हे सगळे कायदे नवाबला लागू केले. माय म्हणाली, “अहो, कुत्रं हाय ते.” बापू म्हणाले, “भाच्याला कुत्रं म्हणतीस? तुला मामी म्हनून घ्यायची लाज वाटायली का?” मायनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवसापासून मला आतेभाऊ झाला.

पहिले काही दिवस आतेभाऊ काही खाईना. त्याच्यासोबत बिस्किटांचा डबा आला होता, तो संपला. गंगाखेडहून पाव मागवले, ते येईपर्यंत ओले होत. शेवटी एका दुपारी माय अंबाडीची भाजी आणि पिवळ्या ज्वारीची भाकरी कुस्करून स्वतः जेवायला बसली तेव्हा नवाब उठला, तिच्या ताटापाशी आला आणि न विचारता खायला लागला. बापू धावत आले, “राहू दे, राहू दे, खाऊ दे भाच्याला.” तिथून पुढं त्याची दिल्ली सुटली. धपाटे, दह्यातली चटणी, येसराची आमटी, तो सगळं खाई. तिखट लागलं की अंगणात गोल गोल फिरे आणि परत येऊन उरलेलं खाई. दुपारी तो पांढऱ्या मातीच्या माळवदावर माझ्या शेजारी झोपे. खाली पिठाच्या गिरणीची पुकपुक, मागं गोठ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि शेजारी मंत्र्याचं कुत्रं घोरतंय, असा माझ्या शाळेचा शेवटचा पावसाळा चालला होता. शेवटचा म्हणायचं कारण असं की गावात सातवीपर्यंतच शाळा होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडं, आणि पाऊस लागला की ओढा उतरू देत नसे. मुलं पोहून जात. मुलींना पोहायला कोण शिकवणार?

इकडं गावाला नवाबची हवा लागली. तलाठी येऊन त्याला बिस्किट घालून गेला. एक मास्तर आले, त्यांना जिंतूरला बदली नको होती, ते नवाबच्या पाठीवरून हात फिरवत पाऊण तास बसले आणि जाताना बापूंना म्हणाले, “जरा लक्ष असू द्या.” लक्ष बापूंनी असू द्यायचं की नवाबनं, ते काही समजलं नाही. सरपंच बाबाराव आमच्या ओसरीवर बसलेले असताना नवाब आला की उठून उभे राहत. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एकटे माणिकआप्पाच काय ते वाकडे होते. आप्पांनी रझाकारांच्या वेळी, निजामाविरुद्ध लढताना, ऐन जवानीत जंगलात दिवस काढले होते. ते काठी टेकत आले, नवाबचं नाव विचारलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “एक नवाब घालवायला जवानी गेली आमची. अन् तुमी दुसरा गादीवर बसवून त्याला धपाटे चारायलेत.”

आता परभणीत, मुलाच्या फ्लॅटमध्ये, माझी नात मला मोबाइलवर दाखवते: अमुक देशाच्या प्रमुखाचं मांजर, तमुक पुढाऱ्याचं वासरू, कोणाचा मोर, कोणाची कुत्री विमानाच्या जिन्यावरून उतरताना. खाली लाखो लोकांनी बदाम टाकलेले असतात. “आजी, किती गोड ना!” मी चष्मा लावून बघते. मला कधी पुढारी दिसत नाही, जनावर दिसतं, आणि त्या जनावराच्या मागं, चित्राच्या कडेला, कोणाचा पदर आलाय का ते मी शोधते. नात म्हणते आजीला यातलं काही कळत नाही.

पोळा जवळ आला तेव्हा पोस्टात पुन्हा फोन आला. साहेब आणि आत्या परतले होते. पोळ्याची कर, म्हणजे पोळ्यानंतरचा दिवस, उलटली की दुसऱ्या दिवशी ते गावात येणार, नवाबला नेणार, आणि सोबत पेपरवाले असणार. निवडणूक तोंडावर होती. बाबारावांनी त्याच संध्याकाळी पारावर बैठक घेतली. गावाला ओढ्यावर पूल पाहिजे होता. अर्ज देऊन देऊन गावाचे हात दुखले होते. बाबाराव म्हणाले, “अर्ज साहेब वाचत न्हाईत. पेपर वाचतेत. अन् पेपरात काय बगतेत? नवाब बगतेत. मी म्हनतो, औंदा तोरणाखालून पयला मान नवाबचा.”

पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या गावचे बैल सजवून तिथं उभे करतात, मंगलाष्टकं होतात आणि मग मानाची जोडी पहिली तोरणाखालून जाते. तिच्यामागं गाव. तो मान आमच्या घराचा. आजोबांचा होता, पणजोबांचा होता. मानावरून आमच्याकडं डोकी फुटलेली आहेत. सगळे बापूंकडं बघायला लागले. बापू म्हणाले, “मान आमचा हाय. आमच्या घरातून दुसऱ्याला द्यायचा नसतो. पन नवाब दुसरा न्हाई. भाचा हाय. भाच्याचा मान बैलाच्या वर.” माणिकआप्पा उठले. “कुत्र्याला बाशिंग बांधायलेत. मी जातो. आता मेलो तरी चालंल, बगायचं काई राह्यलं न्हाई.” पण ते गेले नाहीत. काय होतंय ते बघायला पोळ्याच्या दिवशी सर्वांत पुढं तेच उभे होते.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून त्यांना जेवायचं निमंत्रण द्यायचं, हा रिवाज. बापूंनी आधी आमच्या दोन्ही बैलांचे खांदे मळले, त्यांच्या कानात सांगितलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” मग ते नवाबपुढं बसले. हळद-लोणी त्याच्या पांढऱ्या केसांत चोळलं. नवाबनं मान मागं वळवून सगळं लोणी चाटून टाकलं आणि अजून आहे का म्हणून बापूंच्या बोटांकडं बघितलं. बापूंनी त्याच्याही कानात तेच सांगितलं. मी कंदील धरून उभी होते. मला हसू आवरत नव्हतं. बापू मात्र हसत नव्हते. ते अगदी मनापासून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मायनं तिच्या हळदीच्या पातळाचा तुकडा फाडून नवाबला झूल शिवली. शिव्या देत देत शिवली, पण कडेला गोंडे लावले. बेगडाचं बाशिंग त्याच्या कपाळावर राहीना म्हणून गळ्याशी सुतळीनं बांधलं. वेशीत गाव लोटलं होतं. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, आणि सगळ्यांच्या पुढं, बापूंच्या हातातल्या दोरीला, दिल्लीचा नवाब. मागं आमचे दोन बैल, आपल्या पुढं हे काय उभं आहे ते बघत होते. जोशीबुवांनी मंगलाष्टकं सुरू केली. नवाब आधी गप्प बसून होता. मग ‘सावधान’ म्हणताच हलग्या कडाडल्या आणि बाबारावांच्या पोरानं, साहेबांच्या कुत्र्याला साजेसं काही व्हावं म्हणून, फटाक्यांची माळ लावली.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. नवाबनं उडी मारली, दोरी बापूंच्या हातातून सुटली, आमचा डावा बैल उधळला, त्याच्यामागं आख्खा पोळा उधळला. बायका ओट्यांवर चढल्या, जोशीबुवा पिंपळावर चढले. मान कोणाचा राहिला नाही, ज्याला वाट मिळाली तो तोरणाखालून गेला. सर्वांत पहिलं, हे खरं, नवाबच गेला. पिवळी झूल उडवत तो ओढ्याकडं पळताना मी बघितला. मग तो दिसेनासा झाला. माणिकआप्पा एका जागी काठी टेकून उभे राहून इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

बापू हसणाऱ्यांकडं बघतसुद्धा नव्हते. ते तसेच ओढ्याकडं पळाले. काठावर झुलीचा गोंडा सापडला. ओढ्याला पाणी होतं. ते अंधार पडेपर्यंत हाका मारत फिरले, आणि करीच्या दिवशी पहाटेपासून पुन्हा. सोबत पोरं, बाबाराव, तलाठी, बदलीवाले मास्तर. सगळे मिळून “नवाबराव! ओ नवाबराव!” असं ओरडत काठावरून जायचे. जवळपास असलं तरी कोणतं कुत्रं बाहेर आलं असतं? घरी पुरणपोळी केलेली तशीच पडून होती. बापू जेवले नाहीत. दुपारी ते ओसरीवर बसून मायला म्हणाले, “तिनं जन्मात एक गोष्ट मागितली मला. लेकरू जप म्हणली. तेबी मला जमलं न्हाई. तिला आता काय तोंड दाखवू?” आणि ते रडले. बापूंना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. मायनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुत्रं हा शब्द ती त्या दिवशी एकदाही बोलली नाही.

बाबारावांना वेगळीच चिंता होती. उद्या साहेब येणार, पेपरवाले येणार आणि कुत्रं नाही. पूल तर गेलाच, वर साहेबांची खप्पामर्जी. संध्याकाळी ते गिरणीतून बंड्याला घेऊन आले. बंड्या हे गिरणीचं कुत्रं. जन्मापासून पिठात लोळून ते पांढरं झालं होतं. खालचा खरा रंग गिरणीवाल्यालाही ठाऊक नव्हता. उंचीला नवाबएवढं, पण केस निम्मे आणि फासळ्या दुप्पट. बापू म्हणाले, “बाबाराव, डोळे फुटलेत का? आठ वर्षं मांडीवर खेळवलेलं कुत्रं हाय त्यांचं. लांबून वळखतील.” बाबाराव म्हणाले, “वळखलं तर पाया पडू. न्हाई वळखलं तर पूल.” आणि त्यांनी बंड्यावर आणखी दोन मुठी पीठ टाकलं.

सकाळी गाड्या आल्या. पुढच्या गाडीतून साहेब उतरले, मागच्या गाडीतून पक्षाच्या बाया आणि आत्या. हार, तुरे, घोषणा. बाबारावांनी बंड्याला पुढं केलं. बंड्याला गिरणीत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडं शेपूट हलवायची सवय होती, त्यानं साहेबांकडं हलवली. साहेब क्षणभर थांबले. बापूंनी डोळे मिटून घेतले. मग साहेब खाली वाकले, दोन्ही हातांनी बंड्याचं तोंड धरलं आणि पेपरवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “नवाब! अरे, किती वाळलास रे बाबा! आमच्यावाचून जेवला नाहीस ना?” कॅमेरे चमकले. साहेबांनी खिशातून बिस्किट काढून भरवलं. त्यांच्या जाकिटाला दोन्ही बाजूंनी पीठ लागलं. एका पेपरवाल्यानं विचारलं, साहेब, इतक्या दिवसांनीही ओळखलं त्यानं? साहेबांचे डोळे पाणावले. “मुकी जनावरं आहेत. माणसापेक्षा जास्त ओळखतात,” ते म्हणाले. सभा झाली, सभेत पूल जाहीर झाला. मी गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवत होते, कारण पूल मलाही पाहिजे होता.

आत्यानं मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या बंड्याकडं एकदा बघितलं होतं. फक्त एकदाच. मग ती पदर सावरत सरळ आमच्या घरात आली आणि चुलीपाशी जाऊन उभी राहिली. बापू तिच्यामागं आले. “दादा, माझं लेकरू कुठंय?” बापूंनी खाली बसून तिच्या पायांना हात लावला. धाकट्या बहिणीच्या. “कुसुम, मी हरवलं त्याला.” पोळा, हलग्या, फटाके, ओढा, सगळं त्यांनी सांगितलं, काहीच लपवलं नाही. आत्यानं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, “अन् यांना कळलं न्हाई?” बापू म्हणाले, “न्हाई.” बाहेरून साहेबांचा आवाज येत होता, नवाबला स्वतः भरवल्याशिवाय आपल्याला घास कसा जात नाही ते ते सांगत होते. आत्याला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती हसत राहिली आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली. “वयनी,” ती मायला म्हणाली, “त्याला रोज मी भरवते. हे फोटोपुरतं. पन मला वाटायचं, घरात कोन हाय कोन न्हाई येवढं तर कळत असंल. उद्या गाडीत माझ्या जागी दुसरी बसवली तरी या माणसाला परभणीपस्तोर कळायचं न्हाई.” माय म्हणाली, “असं बोलू नये.” आत्या म्हणाली, “बगू मग.”

गाड्या निघाल्या तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढच्या गाडीत साहेब, जिल्ह्याचे पुढारी आणि मांडीवर बंड्या. मागच्या गाडीतल्या बायांना वाटलं बाई पुढं बसल्या, पुढच्यांना वाटलं मागं. आत्या हलली नाही. बापू धावत बाहेर जायला निघाले तर तिनं त्यांचा हात धरला. “थांब दादा. मला बगू दे.” गाड्यांचा आवाज विरला. रस्ता मोकळा झाला. आत्या थोडा वेळ रस्त्याकडं बघत राहिली, मग पायातल्या चपला काढून मला म्हणाली, “चल शकू, मला ओढा दाखव.”

तिनं हाका मारल्या नाहीत. काठाकाठानं चालत ती नुसतं बोलत होती, चुलीपाशी बसून बोलावं तसं हळू. “बाळा, दूध ठेवलंय बरं. साय काढली न्हाई. ये, बरं.” ओढ्याचं पाणी ओसरलं होतं. आम्ही पलीकडं गेलो. माळावर म्हसोबाचं छोटं देऊळ आहे, तिथं पोळ्याला पलीकडचं गाव नैवेद्य ठेवून जातं. त्या ओट्यामागून आधी एक नाक बाहेर आलं, मग झुलीची चिंधी. नवाब पुरणपोळ्या खाऊन टम्म फुगला होता. आत्याला बघून त्यानं जे केलं ते सांगता येत नाही. लहान पोर घोगऱ्या आवाजात रडावं तसा आवाज काढत तो तिच्या अंगावर चढला. आत्या चिखलात बसली. त्याच्या गळ्याशी लोंबणारं, भिजून रंग उडालेलं बाशिंग तिनं हातात घेतलं. “हे काय गं?” मी सांगितलं. ती ते बाशिंग नीट करत कितीतरी वेळ बसली आणि मग म्हणाली, “मामानं लेकाला बाशिंग बांधलं अन् आईला आवतनसुदीक दिलं न्हाई.” ती रागावलेली नव्हती. तसा चेहरा मी नंतर लग्नांमध्ये वरमायांचा बघितलाय.

दिवस मावळायच्या सुमारास पांढरी गाडी परत आली. बापूंचा जीव भांड्यात पडला. “बग कुसुम, आले का न्हाई!” आत्या ओसरीवर नवाबला मांडीवर घेऊन बसली होती. गाडीतून रशीदभाई एकटेच उतरले. ते चार पावलं आले आणि त्यांची नजर आधी नवाबवर पडली, मग आत्यावर. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. परभणीच्या विश्रामगृहात मागच्या गाडीतल्या बाया उतरल्या तेव्हाच बाईसाहेब कुठल्याच गाडीत नाहीत हे सगळ्यांना समजलं होतं. साहेबांनाही सांगितलं होतं. “राहू दे माहेरी दोन दिवस,” असं म्हणून ते बैठकीला बसले होते.

“मंग तुमाला कशाला पाठवलं?” आत्यानं विचारलं.

रशीदभाई जमिनीकडं बघत होते. “वो कुत्ता भौत भुंकायलाय, बाईसाहेब. बिस्किट खात न्हाई, पानी पीत न्हाई. सकाळच्याला दिल्लीचे मेमान हायेत, फोटो हाय. साहेब बोले, तिला विचारून ये, त्याला काय देते म्हनून.”

नवाबनं आळस दिला. आत्यानं त्याच्या कानामागं खाजवलं आणि शांतपणे म्हणाली, “शिळी भाकर, ताकात कुस्करून. मीठ जास्त. अन् नवाब म्हनू नका, बंड्या म्हना, म्हंजे येतो. च्या घेऊन जा.” रशीदभाईंनी चहा घेतला, तिला वाकून सलाम केला, आणि तिथं काय बघितलं ते शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पूल झाला आणि त्याच्यावरून मी शाळेला गेले, कारण आत्यानं बापूंना सांगितलं, शकूला शिकव, नाहीतर नवाबला घेऊन मी इथून जाईन. बंड्या दिल्लीत खूप वर्षं जगला. साहेब वारले तेव्हा सगळ्या पेपरांनी त्यांच्या प्राणिप्रेमावर लिहिलं आणि सोबत फोटो छापला, तो गिरणीच्या कुत्र्याचा. आत्या मरेपर्यंत आमच्याकडं राहिली. तिला न्यायला दिल्लीहून कधी कोणी आलं नाही. पोस्टात फोन मात्र येत राहिले: नवाब चपला का खातो, नवाब रात्री का रडतो, आणि अंघोळ घातली की त्याचा रंग का उतरतो, एवढं बाईसाहेबांना विचारून सांगा.